चांदीची जुनी शृंगारपेटी मोडीत घालण्यापूर्वी तिचा तळ वाचावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

२०२५ साली चांदीचा भाव किलोमागे एक लाख रुपयांच्या पलीकडे गेला आणि तेव्हापासून बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी, संकेश्वर येथील सराफ पेढ्यांवर जुनी चांदी घेऊन येणारी माणसे अधिक दिसू लागली आहेत. तुटलेले पैंजण, वाळे, चेपलेली ताटे-वाट्या, दांडी निखळलेली निरांजने आटणीला जावीत यात काही वावगे नाही. अडीअडचणीला उपयोगी पडावी म्हणूनच आपल्या आजी-पणज्यांनी चांदी साठवली होती आणि मुलाच्या शिक्षणासाठी किंवा दवाखान्याच्या खर्चासाठी ती मोडणाऱ्या कोणत्याही घराला मी दोष देणार नाही. परंतु या मोडीबरोबर एक अशी वस्तू मुशीत जात आहे की जिचे मोल तराजूत दिसत नाही आणि जी एकदा आटली म्हणजे पुन्हा कोणालाही घडवता येणार नाही. ती म्हणजे स्त्रियांच्या ड्रेसिंग टेबलावर ठेवण्याची जुनी, नक्षीदार चांदीची पेटी. तिच्याविषयी सीमाभागातील वाचकांना आणि सराफ बंधूंना काही सांगावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

अशा पेट्या आपल्या भागात कोठून आल्या, असे काही वाचकांना वाटेल. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, त्यानंतर येथे लष्करी छावणी वसली आणि ज्याला आपण आजही कॅम्प म्हणतो त्या भागात गोऱ्या अधिकाऱ्यांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. बदली झाली किंवा मायदेशी परतायचे ठरले की घरातील मोठे सामान लिलावात काढून जाण्याची त्या लोकांची रीत होती. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, रामदुर्गाचे स्वतंत्र संस्थान होते, रायबागवर कोल्हापूरची सत्ता होती. या संस्थानांच्या दरबारी मंडळींच्या घरी मुंबईच्या दुकानांतून विलायती चांदी येत असे आणि लेकी-सुनांच्या रुखवतातून ती पुढे वाड्यावाड्यांत पसरत असे. म्हणून टिळकवाडीतील एखाद्या बंगल्यात किंवा खानापूर तालुक्यातील एखाद्या जुन्या घराच्या माजघरातील कपाटात विलायती पेटी निघाली, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही. पेटी घरात आहे, पण ती काय आहे हे सांगणारे माणूस घरात उरलेले नाही, अशी आज पुष्कळ ठिकाणी स्थिती आहे.

शहापुरातील एका नातलगांच्या घरी मी नुकतीच पाहिलेली पेटी उदाहरणादाखल सांगते. साधारण वीतभर लांबीची, लंबगोल, चार लहान पायांवर उभी आणि झाकण किंचित फुगीर. झाकणावर वेलबुट्टीच्या वळणांमध्ये पंख असलेल्या पाच बालकांचे चेहरे उठवलेले आहेत. आत निळ्या मखमलीचे अस्तर असून ते आता विटले आहे. त्या घरात ही पेटी ख्रिस्ती धर्माची काही वस्तू असावी अशी समजूत होती, त्यामुळे तिच्याविषयी कोणाला फारशी आपुलकी नव्हती आणि पुढच्या आठवड्यात ती मोडीत घालण्याचे ठरले होते. वास्तविक ते पाच चेहरे एकाच मुलीचे आहेत. सर जोशुआ रेनॉल्ड्स या इंग्रज चित्रकाराने १७८७ मध्ये फ्रान्सेस गॉर्डन नावाच्या लहान मुलीचा चेहरा पाच बाजूंनी पाहून एकाच चित्रात रंगवला आणि त्या चेहऱ्यांना देवदूतांचे पंख दिले. ते चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. शंभरहून अधिक वर्षांनी, म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी, लंडनचे विल्यम कॉमिन्स आणि इतर काही चांदीकारांनी तीच नक्षी स्त्रियांच्या ब्रशांच्या पाठींवर, हातआरशांवर आणि पेट्यांच्या झाकणांवर उठवली आणि ती अतिशय लोकप्रिय झाली. एका लेकराचा चेहरा चित्रातून चांदीवर आणि चांदीवरून शहापूरच्या एका घरात आला, हे कळल्यावर त्या घरातील सासूबाईंनी पेटी हातात घेऊन ते पाचही चेहरे एकेक करून पाहिले. त्यांनी ती विकण्याचा विचार सोडला, हे येथे आनंदाने नमूद करते.

आता पैशाचा विचार, कारण तोच बहुतेकांच्या मनात आधी असतो. ड्रेसिंग टेबलाची विलायती चांदी दिसायला भरीव, पण वजनाला फार हलकी असते. १८९० नंतरच्या काळातील बऱ्याच पेट्या पातळ पत्रा पोलादी साच्यात दाबून घडवल्या गेल्या, नंतर त्यांवर हाताने छिन्नीकाम करून नक्षीची कड उठावदार केली गेली. दागिने ठेवण्याच्या पेटीच्या आत पुष्कळदा लाकडाचा सांगाडा असतो, त्यावर मखमल किंवा रेशीम असते आणि बाहेरून चांदीचा पत्रा मढवलेला असतो. त्याच संचातील ब्रश आणि आरसा यांच्या मुठींत तर राळ भरलेली असते. सराफाकडे पेटी गेली की लाकूड, मखमल, राळ, बिजागरीतील पोलादी काडी हे सर्व वजा होते. उरलेला पत्रा स्टर्लिंग चांदीचा, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध असतो. त्याचा टंच, म्हणजे शुद्धतेचे प्रमाण, काढून, आटणीची घट धरून जी रक्कम हाती येते ती पेटीचा आकार पाहून मनात बांधलेल्या अंदाजाच्या मानाने अगदीच थोडी असते. आपण पेटी गमावतो आणि त्या बदल्यात मिळते ते पातळ पत्र्याचे मोल, हे विकणाऱ्याच्या लक्षात तराजूसमोर उभे राहिल्यावर येते, तेव्हा अस्तर फाडून झालेले असते.

यात सराफाचा दोष आहे असे मी मानत नाही. त्याचा धंदा टंच आणि वजन यांचा आहे, आणि आपल्या भागातील पोतदार, सोनार, दैवज्ञ घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या धातूची पारख प्रामाणिकपणे केली आहे. परंतु ज्या पारखी नजरेने ते कसोटीवरील रेघ पाहतात, त्याच नजरेने त्यांनी पेटीचा तळ आणि झाकणाची आतली कड पाहावी, एवढेच माझे म्हणणे आहे. कारण विलायती चांदीवर तिची जन्मपत्रिका कोरलेली असते.

ही पत्रिका वाचणे अवघड नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग प्रत्येक सराफाकडे असतेच. इंग्लंडमध्ये तपासून पास झालेल्या चांदीच्या वस्तूवर साधारणपणे एका ओळीत चार-पाच बारीक ठसे असतात. एक पाय उचलून चालणारा सिंह हा स्टर्लिंग शुद्धतेचा ठसा. तो १५४४ पासून वापरात आहे. दुसरा ठसा तपासणी झालेल्या शहराचा. बिबट्याचे मुख म्हणजे लंडन, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, आणि मुकुट म्हणजे शेफील्ड. शेफील्डने मुकुट सोडून गुलाब घेतला तो १९७५ च्या सुमारास, त्यामुळे जुन्या पेटीवर मुकुटच दिसेल. बर्मिंगहॅमचे तपासणी कार्यालय १७७३ मध्ये सुरू झाले आणि लहान पेट्या, डब्या, बटणे, टाचण्यांची तबके अशा वस्तूंचे ते शहर माहेरघरच झाले, म्हणून आपल्याकडे सापडणाऱ्या पेट्यांवर नांगर वरचेवर दिसतो. तिसरा ठसा एका इंग्रजी अक्षराचा असतो. हे अक्षर दर वर्षी बदलत असे आणि वर्णमाला संपली की अक्षराचे वळण आणि त्याभोवतीच्या ढालीचा आकार बदलून पुन्हा आरंभ होत असे. या अक्षरांचे छापील तक्ते उपलब्ध आहेत, तपासणी कार्यालयांनी ते इंटरनेटवरही ठेवले आहेत, आणि त्यांच्याशी अक्षर, वळण व ढाल ही तिन्ही जुळवली की पेटी कोणत्या साली तपासली गेली ते नेमके कळते. नुसते अक्षर जुळवून थांबू नये, कारण तेच अक्षर वेगवेगळ्या वळणांत अनेक वेळा येऊन गेलेले असते. चौथा ठसा घडवणाऱ्याच्या आद्याक्षरांचा.

काही वस्तूंवर यांखेरीज राजाचे किंवा राणीचे मस्तक आढळते. १७८४ ते १८९० या काळात इंग्लंडमध्ये चांदीवर कर होता आणि तो भरल्याची ती खूण होय. म्हणून व्हिक्टोरिया राणीचे मस्तक असलेली पेटी १८९० किंवा त्याआधीची, आणि बाकीचे सर्व ठसे असून मस्तक नसेल तर ती बहुधा त्यानंतरची, एवढे तर तक्ता न उघडताही सांगता येते. शहापूरच्या पेटीवर नांगर आहे, सिंह आहे, मस्तक नाही.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. काही पेढ्यांवर 'या वस्तूला हॉलमार्क नाही' असे सांगून जुनी विलायती चांदी कमी भावाने मागितली जाते. आपल्या देशात भारतीय मानक ब्युरोचा चांदीसाठीचा हॉलमार्क आजही ऐच्छिक आहे, आणि सहा अंकाक्षरांची ओळखसंख्या त्यात आली ती १ सप्टेंबर २०२५ पासून. शंभर वर्षांपूर्वीच्या बर्मिंगहॅमच्या पेटीवर ही खूण असणारच नाही. तिच्यावर तिच्या देशाचा, तिच्या काळाचा हॉलमार्क आहे आणि शुद्धतेचा पुरावा म्हणून तो जगभर मानला जातो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चांदीसारखी दिसणारी प्रत्येक विलायती पेटी चांदीची नसते. एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि त्यानंतर अशा वस्तूंचा सुकाळ झाला. ई.पी.एन.एस. ही चार अक्षरे तळाशी असतील तर आतला धातू तांबे, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू आहे, ज्याला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो आणि ज्यात नावापुरतीही चांदी नसते. कडा आणि उंचवटे झिजून तेथे पिवळट किंवा करडा रंग दिसू लागला की मुलामा ओळखता येतो. अशी पेटी मोडीत घातल्यास जवळपास काहीच मिळत नाही, परंतु नक्षी चांगली असेल तर ती घरात ठेवावी अशीच असते. उलट, ठसे झिजले म्हणून खरी चांदी मुलाम्यात जमा होण्याचा धोकाही आहे, तेव्हा शंका असल्यास दोन ठिकाणी दाखवावी.

हिंदुस्थानात घडलेल्या पेट्यांचे प्रकरण यापेक्षा गुंतागुंतीचे आणि माझ्या मते अधिक मोलाचे आहे. इंग्रजी अमलात हिंदुस्थानात चांदी तपासून ठसा मारणारे सरकारी कार्यालय नव्हते. त्यामुळे येथील उत्तमोत्तम कामावर पुष्कळदा काहीच ठसा नसतो, किंवा केवळ कारागिराचे अथवा पेढीचे नाव असते. भुजच्या उमरशी मावजी यांच्या कामावर त्यांची आद्याक्षरे आणि भुज हे नाव रोमन लिपीत आढळते.  मद्रासच्या पी. ऑर अँड सन्स या पेढीच्या पेट्यांवर देवादिकांच्या मूर्ती उठवलेल्या असतात, अशा नक्षीला इंग्रज लोक स्वामी काम म्हणत. कच्छच्या कामात पानाफुलांची इतकी दाट वेल असते की मोकळी जागा शोधावी लागते. असे काम करताना कारागीर भांड्याच्या आत राळ भरून ते घट्ट करीत, बाहेरून आणि आतून ठोकून नक्षी उठवीत, राळ वितळवून काढीत आणि पुन्हा भरीत. एका लहान डबीवर कित्येक दिवस खर्ची पडत. ठसा नाही म्हणून सराफाने तिला गावठी चांदी म्हणावे आणि घरच्यांनी मान डोलवावी, हे मला फार लागते.

आपल्याच राज्यातील बीदरची डबी तर दुहेरी गैरसमजाला बळी पडते. बिदरी कामाचा मूळ धातू जस्त आणि थोडे तांबे यांचा असतो, त्यात चांदीचा पत्रा किंवा तार जडवलेली असते, आणि बीदरच्या किल्ल्यातील माती नवसागरात मिसळून तिचा लेप दिला की जस्ताचा भाग काळाभोर होतो व चांदी पांढरी राहते. हा काळेपणा मळ समजून चिंच, राख किंवा दातांच्या पावडरीने घासून काढण्याचे प्रकार घरोघरी घडतात. तसे केले की डबीचे सारे सौंदर्य जाते आणि मोडीतही तिला काही किंमत येत नाही, कारण चांदीचा अंश थोडा.

काळ्या रंगाच्या याच गैरसमजामुळे नष्ट होणारी आणखी एक चांदी आहे आणि तिचा संबंध बेळगावशी फार जवळचा आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. कुत-अल-अमारा येथील डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या, आणि ११७ व्या पलटणीला पुढे रॉयल हा किताब मिळाला. युद्ध संपेपर्यंत आणि दुसऱ्या महायुद्धातही हिंदी फौजा त्या देशात राहिल्या. अमारा, बसरा, बगदाद येथील बाजारांत साबियन (मँडियन) या तेथील प्राचीन पंथाचे सोनार चांदीच्या डब्या, सिगारेटच्या पेट्या, बांगड्या घडवून सैनिकांना विकत. त्यांची कला अशी की चांदीवर बारीक चर कोरायचे, त्यांत चांदी, तांबे, शिसे आणि गंधक यांचे काळे मिश्रण भरून तापवायचे आणि मग घासून सपाट करायचे. त्यातून खजुरीची झाडे, नदीतील होड्या, उंटांचे तांडे, मशिदींचे घुमट अशी चित्रे काळ्या रंगात उमटतात. मागच्या बाजूला कधी कारागिराची सही असते. ज्या जिल्ह्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि जेथील अनेक गावांत दोन-तीन पिढ्यांची फौजी घराणी आहेत, तेथे अशी डबी निघणे अगदी स्वाभाविक आहे. बेळगाव तालुक्यातील एका गावात मी अशी एक डबी पाहिली. पणजोबांनी ती पणजीसाठी आणली, तिने आयुष्यभर तिच्यात कुंकू ठेवले, कडेला कुंकवाचा लाल रंग आजही आहे. घरातील तरुण मुलगा ती उकळत्या सोड्यात टाकून स्वच्छ करणार होता. अशा डबीला उकळणे, आम्लात बुडवणे किंवा जोराने घासणे म्हणजे त्या पणजोबांच्या परदेशवासाची एकमेव खूण पुसून टाकणे होय, कारण त्यांच्या हातची पत्रे नाहीत, छायाचित्र नाही, आणि पलटणीच्या कागदांत पणजीचे नाव कोठेच असणार नाही.

माझ्या या आग्रहाचे मूळ येथेच आहे. आपल्या भागातील स्त्रियांचे लिखित असे फार थोडे मागे उरले आहे. जमिनीचे उतारे पुरुषांच्या नावे, मोडी लिपीतील कागद पुरुषांच्या हातचे, वंशावळीत सुनेचे माहेरचे नाव नाही. परंतु शिसवी फणेरपेटी, तिच्या झाकणातील आरसा, कुंकवाचा करंडा, कुंकवाखाली लावायच्या मेणाची डबी, काजळाची डबी आणि एखाद्या सधन घरातील विलायती चांदीची पेटी या वस्तू तिच्या स्वतःच्या होत्या, तिच्या हातात रोज येत होत्या. विलायती पेटीच्या झाकणावर नक्षीच्या मधोमध एक मोकळी चौकट ठेवलेली असते, ती मालकिणीची आद्याक्षरे कोरण्यासाठी. आपल्याकडे लग्नातील भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत होती, आणि काही घरांत त्याच पद्धतीने अशा पेटीच्या तळावर देवनागरीत नाव, माहेर आणि शक कोरलेला आढळतो. सराफाच्या दृष्टीने ते ओरखडे असतात. मला विचाराल तर सबंध पेटीतील सर्वांत मोलाची जागा तीच.

ज्यांना पेटी ठेवायची आहे त्यांच्यासाठी जपणुकीच्या दोन-चार गोष्टी. चांदी काळी पडते ती हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे, आणि बेळगावच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत ही क्रिया वेगाने होते. वर्तमानपत्राचा कागद, लोकरीचे कापड, रबरबँड यांतून गंधक मिळतो, म्हणून चांदी त्यांच्या संपर्कात ठेवू नये. धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवावी. रांगोळी, राख, दंतमंजन यांनी घासल्यास प्रत्येक वेळी चांदीचा सूक्ष्म थर निघतो, आणि आधी झिजतात ते बारीक ठसेच. पेटीच्या आत सोनेरी झाक असेल तर तो सोन्याचा मुलामा आहे, त्याला हात लावू नये. बिजागरी निखळली असल्यास कथील-शिशाचा डाग कदापि देऊ नये, म्हणजे त्याने सांधू नये, कारण शिसे लागलेली चांदी पुढे तापवताना खराब होते. चांदीच्या झाळीनेच, म्हणजे चांदीच्याच सांध्याने, काम करून घ्यावे. निपाणीपासून जवळच असलेल्या हुपरीत चांदीकामाची मोठी परंपरा आहे, तेथे असे हात नक्की मिळतील.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगते. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतील लेकीला आजीची पेटी देण्याची इच्छा अनेकांना असते, परंतु सामानात टाकण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या धारवाड मंडळाकडे विचारणा करावी.

आता माझ्या विनंत्या. सराफ बंधूंनी मोडीत आलेली नक्षीदार पेटी त्याच दिवशी आटणीला न पाठवता आठवडाभर बाजूला ठेवावी, आणणाऱ्याला तळावरील ठसे भिंगातून दाखवावेत आणि आटवायचीच असेल तर आधी झाकण, तळ, ठसे व कोरलेले नाव यांची छायाचित्रे घेऊ द्यावीत. यात पेढीचे नुकसान काही नाही, आणि ज्या ग्राहकाला पेटी न मोडता विकायची असेल त्याला वस्तू म्हणून ती घेणारे गिऱ्हाईक गाठून देण्यात पेढीलाही चार पैसे अधिक मिळतील. घरच्या मंडळींनी पेटी कोणाची, कोठून आली, कोणाच्या लग्नात मिळाली हे घरातील वृद्ध स्त्रियांना आजच विचारून एका कागदावर लिहावे आणि तो कागद पेटीतच ठेवावा. शाईचा कागद थेट चांदीला लागू नये म्हणून तो सुती कापडात गुंडाळलेला असावा.

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून या शहरात उभे आहे. तेथे, किंवा तालुक्याच्या गावी असलेल्या कोणत्याही मराठी वाचनालयात, अशा वस्तूंच्या छायाचित्रांची आणि त्यांच्या हकिगतींची एक नोंदवही ठेवता येईल. वस्तू घरातच राहावी, नोंद मात्र सर्वांसाठी असावी. कन्नड भाषक शेजाऱ्यांच्या घरीही अशाच पेट्या आहेत, त्याही या वहीत याव्यात आणि नोंदी दोन्ही भाषांत व्हाव्यात असे मला मनापासून वाटते. ज्या घरात ती पेटी आहे त्या घराची भाषा कोणती, याने तिच्या हकिगतीचे मोल कमी-जास्त होत नाही.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणे आहे. आपल्या रविवारच्या अंकात थोडी जागा देऊन सिंह, नांगर, बिबट्याचे मुख आणि मुकुट या ठशांची मोठी केलेली चित्रे एकदा छापावीत, म्हणजे ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना ती हाताशी धरून पाहता येईल. शहापूरच्या पेटीच्या तळाचे छायाचित्र त्या कुटुंबाच्या परवानगीने मी सोबत जोडले आहे. त्यातील नांगर आणि सिंह स्पष्ट आहेत. शेजारचे अक्षर थोडे झिजले असले तरी ढालीचा आकार वाचता येतो. उपयोगी वाटल्यास तेच छापावे. नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळा दिला आहे, तो कृपया प्रसिद्ध करू नये.

आपली विश्वासू,
एक वाचिका
टिळकवाडी, बेळगाव